सरांचा राग, मॅडमचा राग आणि आठवीतली एक मुलगी: इंदूरच्या एका शाळेतलं प्रकरण

इमोशनल इंटेलिजन्सवर, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेवर, प्रिन्सिपल लोकांची ट्रेनिंगं हल्ली बरीच होतात, आणि तिथून निघताना बहुतेकांच्या डोक्यात एवढंच राहतं की शांत राहायचं, आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं ऐकून घ्यायचं. हे चुकीचं नाहीये पण फार अपुरं आहे. आमच्या शाळेत मागे एक प्रकरण झालं, त्यात शांत राहण्याचा वाटा मला तसा कमीच दिसला. प्रिन्सिपल मॅडमना आपल्याला राग आलाय हे कळलं, आणि कळल्यावर त्यांनी चौकशी कोण करणार हेच बदलून टाकलं, तिथे सगळं वळलं. म्हणून सविस्तर लिहितेय. मी संस्थेच्या शाळा समितीवर आहे, बऱ्याच मिटिंगना हजर होते, बाकीचं मॅडम, सर आणि मुलीची आई यांच्याकडून ऐकलंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय. नावं कुणाचीच देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

शाळा जुन्या इंदूरातली, मराठी मंडळींनी काढलेली. आता मुलं जवळजवळ सगळी हिंदी बोलणाऱ्या घरांतली, माध्यम हिंदी, एमपी बोर्ड, पण स्टाफरूममध्ये अर्धं मराठी अजून चालतं. गणिताचे सर इथे पंचवीस-तीस वर्षं आहेत, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली. शिस्तीचे कडक, पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज इंजिनियर झाली तरी गणपतीत शाळेत आली की आधी सरांच्या पाया पडतात, असे. मॅडम त्यांना बऱ्याच ज्युनियर. आधी त्याच शाळेत सायन्स शिकवायच्या, तेव्हा सर त्यांना "ताई" म्हणायचे. प्रिन्सिपल झाल्या त्या दिवसापासून "मॅडम" झाल्या, आणि ते "मॅडम" सर कसं उच्चारायचे ते स्टाफमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोस्ट खरं तर सरांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. मिटिंगमध्ये मॅडमनी काही नवं सुचवलं की सर खिडकीबाहेर बघत बसायचे, नंतर कुणाला तरी हळूच काय ठरलं ते विचारायचे. मॅडमना हे टोचायचं, त्या बोलायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मध्य प्रदेशात अलीकडच्या काही वर्षांत पाचवी आणि आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्ड पॅटर्नवर आल्या. त्यामुळे आठवीच्या गणितावर अचानक सगळ्यांचं लक्ष, संस्थेचंही आणि पालकांचंही, आणि आठवी सरांकडेच होती.

काय घडलं

पावसाळ्याचे दिवस. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, वर पत्रे, पाऊस आला की वर्गात एकमेकांशी बोलणं कठीण. त्यात चार पंखे. चौकोनाचे कोन चालू होते. सरांनी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं, चौथा कोन किती? ती काहीतरी म्हणाली. सर म्हणाले, क्या? ती परत म्हणाली. सर म्हणाले, आठ? आठ डिग्री का कोण? वर्ग हसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलगी घाबरून आणखीच हळू बोलली आणि मग सरांचा तोल गेला. "मुँह में दही जमा रखा है क्या" इथपासून सुरू झालं आणि "तू छठी में जाके बैठ, वहीं के लायक है" इथपर्यंत गेलं. नुसतं बोलून थांबले नाहीत, मॉनिटरबरोबर तिला खरंच खाली सहावीच्या वर्गात पाठवलं. उरलेले दोन पिरियड ती तेरा वर्षांची मुलगी सहावीच्या मागच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

सहावीच्या टीचरना वाटलं सरांनी पाठवलंय म्हणजे काही कारण असेल. त्यांनी विचारलं नाही.

रात्री मुलीच्या वडिलांचा व्हॉइस मेसेज आठवीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. वडिलांचं सियागंजला दुकान, बोलणं सडेतोड. मेसेजमध्ये शाळेचं नाव, सरांचं नाव, आणि शेवटी की सकाळी गेटवर भेटू, नाहीतर १८१ वर कंप्लेंट टाकतो आणि मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक) जातो. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको, सीएम हेल्पलाइनच्या १८१ ला कंप्लेंट गेली की ती शिक्षण विभागातून फिरत शाळेच्या टेबलावर येते आणि उत्तर द्यावंच लागतं. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी रात्री अकरापर्यंत मॅडमना फोन करत होते.

अडचण नक्की कुठे होती

वरवर बघितलं तर सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई, आणि तसं करणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तीची कारवाई. मुलीला सगळ्यांसमोर खालच्या वर्गात बसवणं हे मानसिक त्रासात येतं, यावर आमच्यात दुमत नव्हतं. म्हणजे काय केलं पाहिजे ते कायद्यात लिहिलेलंच आहे.

अडचण होती ती कारवाई कोण करतंय त्याची. मॅडमनी मला नंतर सांगितलं की तो व्हॉइस मेसेज ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा मुलीचं वाईट वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रकारचं बरंही वाटलं. आता सापडले सर, असं. हे त्यांनी ज्या सरळपणे सांगितलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे, कारण खुर्चीवर बसलेली माणसं हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. रात्री त्यांनी वहीत दोन बाजू लिहिल्या. एका बाजूला, मला काय माहीत आहे. दुसऱ्या बाजूला, मला सरांबद्दल काय वाटतं. पहिल्या बाजूला तीन ओळी झाल्या, त्याही वडिलांच्या मेसेजवरून. दुसरी बाजू पानभर.

पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे जाईल हे समजणं, आणि ती सांभाळणं. लेखक डॅनियल गोलमन यांनी १९९५ पासून ती ऑफिसा-ऑफिसात नेली. ट्रेनिंगमध्ये आपल्याकडे चौथ्या भागावर, सांभाळण्यावर, सगळा जोर असतो, दीर्घ श्वास वगैरे. पण मॅडमनी त्या रात्री केलं ते पहिल्या तीन भागांचं काम होतं, आणि ते श्वास घेऊन होत नाही, वही घेऊन बसावं लागतं.

समोर कोणते रस्ते होते

सेक्रेटरींचं म्हणणं स्पष्ट होतं. सकाळीच कारणे दाखवा नोटीस काढा, तिची कॉपी पालकांना दाखवा, प्रकरण थंड. त्यांची भीती खोटी नव्हती, संस्थेचं नाव ग्रुपवर फिरत होतं. पण एकाही माणसाला न विचारता नोटीस काढायची म्हणजे निकाल आधी आणि चौकशी मागून, आणि स्टाफला यातून कळलं असतं की पालक गेटवर आले की शाळा माणूस पुढे करते.

उलट बाजूने दोन जुने टीचर मॅडमना भेटले, त्यांचं म्हणणं सरांचं वय बघा, सेवा बघा, वडिलांना चहा पाजा, समजवा. हा रस्ता आपल्या शाळांमध्ये सगळ्यात जास्त वापरला जातो आणि मला त्याचीच सगळ्यात चीड आहे, कारण त्यात मुलगी कुठेच नसते.

तिसरं सुचवलं व्हाइस प्रिन्सिपलनी, की आठवी सरांकडून काढून नवीन मॅडमना द्यायची, चौकशी बिवकशी नको. सोयीचं होतं. पण त्यात सरांना न सांगता शिक्षा झाली असती आणि उद्या सातवीत तेच झालं असतं.

मॅडमनी जे केलं ते यातलं कुठलंच पूर्ण नाही.

पहिला निर्णय: गेटवर

सकाळी सव्वासातला मॅडम स्वतः गेटवर उभ्या होत्या, पालक यायच्या आधी. पाच-सहा जण आले. मॅडमनी सरांची बाजू घेतली नाही आणि सरांवर टीकाही केली नाही. एवढंच म्हणाल्या की, "आपकी बेटी को दूसरी क्लास में बिठाया गया, यह हुआ है, और यह नहीं होना चाहिए था। बाकी मैं आज पूछूँगी, और शनिवार को आपको लिखकर दूँगी।" वडील अजून तापलेलेच होते, म्हणाले सर को अभी बुलाओ. मॅडम नाही म्हणाल्या. बाकीच्या पालकांना सांगितलं की बोलणं फक्त या मुलीच्या आई-वडिलांशी होईल.

घडलेली गोष्ट लगेच मान्य करणं आणि दोष कुणाचा ते नंतरवर ठेवणं, हे दोन्ही एका दमात करायला फार थोड्या लोकांना जमतं. आपण एक तर सगळंच मान्य करतो नाहीतर "बघू, चौकशी करू" म्हणून सगळंच लांबवतो. वडील निघताना खूश नव्हते पण शनिवारपर्यंत १८१ ला फोन करणार नाही एवढं म्हणाले. ग्रुपवर शाळेकडून एक ओळ गेली, संबंधित पालकांशी बोलणं चालू आहे, बस.

दुसरा निर्णय: चौकशी कुणी करायची

त्याच दिवशी मॅडमनी सेक्रेटरींना आणि मला बोलावून सांगितलं की घटनेची चौकशी मी करणार नाही, व्हाइस प्रिन्सिपल आणि समितीतलं एक माणूस करेल, मी निकाल त्यांच्या रिपोर्टवरून देईन. सेक्रेटरी वैतागले, प्रिन्सिपल तुम्ही आहात, जबाबदारी टाळताय का? त्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, मला सरांचा आधीपासून राग आहे. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांना आरोप वाटेल, आणि खरं सांगायचं तर तो असेलही."

खोलीत कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींना हा कमकुवतपणा वाटला, त्यांनी तसं मला नंतर फोनवर सांगितलंही. मला तो त्या सगळ्या आठवड्यातला सगळ्यात भक्कम निर्णय वाटतो. स्वतःची भावना ओळखली आणि मग वागणं तेच ठेवलं तर ओळखण्याचा उपयोग काय? इथे ओळखलेल्या रागामुळे प्रक्रिया बदलली, कागदावर दुसऱ्याचं नाव आलं.

चौकशीत मुलीशी बोलणं तिच्या आईसमोर आणि क्लास टीचरसमोर झालं, ऑफिसात नाही, लायब्ररीत. मुलगी सुरुवातीला फक्त मान हलवत होती. मग तिला विचारलं की तुला यातलं सगळ्यात वाईट काय वाटलं. आम्हाला वाटलं सहावीत बसवल्याचं सांगेल. ती म्हणाली, "मेरा जवाब सही था। मैंने साठ बोला था। सर आठ-आठ बोल रहे थे।"

हे वाक्य रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहिलं गेलं, नशीब. कारण ते वाचताना मॅडम थांबल्या.

तिसरा निर्णय: सरांशी कसं बोलायचं

सरांशी पहिलं बोलणं फसलं होतं. पाचव्या पिरियडला मॅडमच्या केबिनमध्ये, सेक्रेटरी शेजारी बसलेले, टेबलावर फाइल. सर ताठ बसले आणि दोनच वाक्यं बोलले, मी इतकी वर्षं शिकवतोय, आणि मुलं हल्ली मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतात आणि हसतात. दहा मिनिटांत संपलं. हे व्हायचंच होतं, ज्या माणसाला ती खुर्ची मिळाली नाही त्याला त्या खुर्चीसमोर, तिसऱ्या माणसाच्या साक्षीने, उत्तर द्यायला बसवलं तर तो काय उघडेल?

पण "मुद्दाम तोंडातल्या तोंडात" हे आणि मुलीचं "साठ" हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर मॅडमना बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. घंटा होऊनही सरांचा तास चालू राहायचा आणि शिपाईभैया दारापर्यंत जाऊन सांगायचे. मिटिंगमध्ये सर बाहेर बघायचे आणि मग शेजाऱ्याला काय ठरलं ते विचारायचे, ज्याचा मॅडमनी इतके दिवस अपमान करून घेतला होता. मागच्या वर्षीच्या पालक मिटिंगच्या रजिस्टरमध्ये दोन मुलांच्या आयांनी लिहिलेलं होतं की सर मुलांचं ऐकत नाहीत, आणि सगळ्यांनी तो स्वभाव म्हणून सोडून दिला होता.

वयाने कान जातात तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, ट, ठ अशी व्यंजनं त्याच पट्टीत असतात आणि स्वर खालच्या पट्टीत. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. साठमधला स पुसला गेला की उरतं आठ. लहान मुलांचे बारीक आवाज, त्यात पंखा, पाऊस, म्हणजे आणखीच अवघड. आणि हे हळूहळू होतं, त्यामुळे त्या माणसाला वाटतं की लोकच नीट बोलत नाहीयेत. त्यात वर्ग हसला की ते आपल्यालाच हसतायत असं वाटणार.

आता हे सरांना म्हणायचं कसं? प्रिन्सिपल डॉक्टर नसते. आणि "तुम्हाला ऐकू येत नाही का" हे साठीकडे आलेल्या माणसाला, त्याच्या पोस्टवर बसलेल्या ज्युनियर बाईने म्हणायचं! मॅडमनी दोन दिवस घेतले. मग शाळा सुटल्यावर, केबिनमध्ये न बोलावता, त्या वर आठवीच्या वर्गात गेल्या, सर वह्या तपासत होते. बाहेर पाऊस चालू होता. मॅडम तिसऱ्या बाकावर, त्या मुलीच्याच जागी बसल्या आणि वर्गाबद्दल बोलल्या. म्हणजे सर, हा वर्ग वाईट आहे, पत्र्यांमुळे मला तुमचं तिथून नीट ऐकू येत नाहीये, तुम्हाला इथलं येतं का?

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मॅडमही बोलल्या नाहीत, आणि हे न बोलणं अवघड असतं, आपल्याला लगेच धीर द्यायची घाई असते. मग सर मराठीत म्हणाले, "ताई, दिवाळीपासून त्रास आहे." घरी टीव्हीवरून भांडणं होतात, फोनवर बोलायचं टाळतो, डॉक्टरकडे गेलो नाही कारण कळलं तर आठवी-दहावी काढून घ्याल, मग मी शाळेत करू काय? भीती ती होती. चिडचिड वरून दिसत होती.

इथे एक मोह असतो आणि मॅडम त्यात पडल्या नाहीत. सरांची कहाणी ऐकल्यावर मुलीचं प्रकरण पातळ होऊ लागतं, बिचारे सर, सोडून द्या. मॅडम म्हणाल्या, "सर, कानाचं आपण दोघं बघू. मुलीला सहावीत बसवलंत त्याचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल." ऐकू न येणं हे न समजण्याचं कारण आहे, खालच्या वर्गात हाकलण्याचं नाही. सरांनी मान्य केलं. मान्य करणं सोपं गेलं नसणार.

चौथा निर्णय: माफी कशी

वडिलांची मागणी होती की प्रेयरला, माइकवर, सगळ्या शाळेसमोर माफी. सेक्रेटरी तयार होते. मॅडम म्हणाल्या आधी मुलीला विचारा. आईमार्फत विचारलं. मुलगी म्हणाली प्रेयरला नको, सगळी शाळा मलाच बघेल. तिला एवढंच हवं होतं की तिचं उत्तर बरोबर होतं हे वर्गाला कळावं.

मोठ्यांनी ठरवलेली माफी मोठ्यांचं समाधान करते. हे इतकं साधं आहे, तरी किती शाळांमध्ये मुलाला विचारलं जातं?

पुढच्या तासाला सरांनी तोच चौकोन फळ्यावर काढला, तेच तीन कोन लिहिले, चौथ्या जागी साठ लिहिलं आणि म्हणाले, "जवाब साठ था, बेटी ने साठ ही बोला था। मैंने गलत सुना, और उसके बाद जो किया वह भी गलत किया।" कानांबद्दल सांगायला मॅडमनी त्यांना सांगितलं नव्हतं, ते त्यांचं खासगी होतं. "गलत सुना" हे त्यांनी स्वतःहून घातलं. क्लास टीचर मागे उभ्या होत्या, त्या सांगतात वर्गातून आवाज आला नाही, मग मुलीच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं आणि ती हसली.

पुढे काय झालं

शनिवारी वडिलांना लेखी पत्र गेलं, काय झालं, काय चुकीचं होतं, काय केलं, यापुढे कुणालाही दुसऱ्या वर्गात पाठवलं जाणार नाही. सरांना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या फाइलला आहे, काढलेली नाही. १८१ ला कंप्लेंट गेली नाही.

सर इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात गेले, दोन्ही कानांची तपासणी झाली, यंत्र लावायला सांगितलं. सुरुवातीचे काही आठवडे वाईट गेले, सगळंच कर्कश्श वाटतं म्हणून काढून खिशात ठेवायचे. नवीन यंत्राला मेंदूला सरावायला वेळ लागतोच, पण हे स्टाफला माहीत नसतं. आठवीचा वर्ग खालच्या मजल्यावर, स्लॅबखाली आणला, आणि उत्तर तोंडी सांगण्याबरोबर मुलांनी छोट्या पाटीवर लिहून वर धरायचं असं सरांनीच सुरू केलं. त्याचा फायदा सगळ्याच हळू बोलणाऱ्या मुलांना झाला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दोन तरुण टीचरचं अजूनही म्हणणं आहे की हेच आमच्या हातून झालं असतं तर नोकरी गेली असती, सर सीनियर म्हणून निभावले. मला त्यांचं म्हणणं फेटाळता येत नाही. मॅडमना सरांच्या कानांबद्दल स्टाफला सांगता येत नव्हतं, त्यामुळे बाहेरून ते तसंच दिसणार. गोपनीयता पाळायची तर न्याय अर्धवट दिसण्याची किंमत द्यावी लागते, आणि ती मॅडमनी दिली. एका पालकांनी सहामाहीनंतर मुलाचं नाव काढलं, कारण हेच होतं का ते त्यांनी सांगितलं नाही.

सर आणि मॅडम यांच्यात फार मैत्री झाली असंही नाही. मिटिंगमध्ये सर आता मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसतात, चेहरा दिसेल असं, आणि कधी कधी जोरात वाद घालतात. मॅडम म्हणतात बाहेर बघण्यापेक्षा हे परवडलं.

काय वेगळं करता आलं असतं

केबिनमधली पहिली मिटिंग सेक्रेटरींशिवाय व्हायला हवी होती, किंवा मॅडमनी ती घ्यायलाच नको होती. त्यांनी चौकशी सोडली, पण सरांना पहिल्यांदा बोलावताना सवयीने स्वतःच बोलावलं. तिथे दोन-तीन दिवस वाया गेले, आणि सर त्या काळात वकिलाकडे जायचा विचार करत होते हे आम्हाला नंतर कळलं.

रजिस्टरमधल्या नोंदी कुणी एकत्र वाचतच नाही. घंटा, मिटिंग, पालकांची तक्रार, तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या लोकांना माहीत होत्या. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले चार-पाच तास तरी आपल्याच शाळेची जुनी रजिस्टरं उघडून, यात माणसं काय सांगत होती हे वाचण्यात जावेत असं मी समितीत मांडलं. मॅडमनी ते सुरू केलंय, महिन्यातून एकदा, व्हाइस प्रिन्सिपलबरोबर.

सहावीच्या टीचरनी त्या दिवशी मुलगी आत आली तेव्हाच ऑफिसला कळवलं असतं तर दोन पिरियड वाचले असते. त्यांना दोष देत नाही. सीनियरने पाठवलेलं मूल परत पाठवायची परवानगी आमच्याकडे कुणाला कधी दिलेलीच नव्हती. ती आता लेखी दिलीय.

आणि सहावीचा वर्ग पूर्ण विसरला गेला. आम्ही सगळे आठवीत, मुलीत, सरांत अडकलो, आणि ज्या चाळीस मुलांच्या वर्गाला "इथल्याच लायकीची" म्हणून शिक्षेची जागा बनवलं त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. डिसेंबरात त्यांच्या क्लास टीचरनी सांगितलं की मुलं एकमेकांना चिडवताना "पाँचवी में भेज दूँगा" म्हणायला लागलीत. मग मॅडम एक दिवस त्यांच्या वर्गात जाऊन बोलल्या, पण चार महिने उशिरा.

पन्नाशी ओलांडलेल्या स्टाफची डोळे-कानांची तपासणी दर वर्षी शाळेने करावी, न लाजता, सगळ्यांची एकत्र, म्हणजे कुणाला एकट्याला उठून जावं लागणार नाही, असा प्रस्ताव मॅडमनी समितीपुढे ठेवलाय. खर्चावरून ट्रेझरर अडून आहेत. पुढच्या मिटिंगला तो पुन्हा येतोय आणि सरांनी तिथे स्वतः येऊन बोलायची तयारी दाखवली आहे.